सुमनचे बूट

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगते, आणि सरळ सांगते — आवाज न थरथरू देता बोलायची सवय मला नोकरीनं लावली आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे.

अहेरीला बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा सुमन माझी रूमवाली होती. जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी घरची. दोघी पोलीस भरतीची तयारी करायचो. पहाटे मैदानावर आठशे मीटर पळायचो. माझ्या पायात अॅपवरून मागवलेले चांगले बूट. तिच्या पायात तळ निघालेले कॅनव्हासचे. तरी ती माझ्या पुढे असायची — रोज.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरंच वाटत नव्हतं का?

एक दिवस तिनं कागदावर पाय ठेवून पेनानं त्याची रेघ काढली आणि कागद माझ्याकडे दिला. "माह्यासाठी मागवून दे ना वं. माह्या फोनात अॅप चालत नाई." मोहफुलं विकून आईनं दिलेले पैसे तिनं त्यासाठीच राखून ठेवले होते. मी माप जुळवलं, ऑर्डर टाकली; पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे होते. तोपर्यंत माझ्या मनात काहीच वाकडं नव्हतं. हे मुद्दाम सांगते — सुटका म्हणून नाही, तसं होतं म्हणून.

आठ दिवसांनी दुपारी फोन आला. सुमन लायब्ररीत होती. पार्सलवाला म्हणाला, "बाई, बसस्टँडजवळ उभा हाय, घ्यायले या." मी चप्पल घातली. दारापर्यंत गेले. आणि तिथं मला मैदान दिसलं — नव्या बुटांत पळणारी सुमन, आणि पार मागे मी.

मी फोनवरच म्हटलं, "नको आहे. परत न्या."

"पक्कं ना बाई?"

"पक्कं."

पार्सल नाकारल्याचा मेसेज आला, तो पुसला. संध्याकाळी तिनं विचारलं, "बुटाईचं काय झालं?" मी म्हटलं, "आपल्या भागात आता पोचवत नाई म्हणते ते लोक. ऑर्डर रद्द केली त्याईनं." तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आमच्याकडे बरंच काही पोचत नाही.

त्याच महिन्यात वाणिज्यच्या मॅडमनी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले — ऑनलाइन खरेदीबद्दल समाधान किती, अडचणी काय. मी 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. फॉर्म गोळा करताना सुमनचा वाचला. अडचणींच्या रकान्यात तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं — आमच्याकडे पार्सल येत नाही. मी तो गठ्ठ्यात घातला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

भरतीच्या दिवशी दुसऱ्या फेरीत तिच्या बुटाचा तळ सुटला. तिनं बूट काढून फेकले, अनवाणी पळाली. तिला पास व्हायला थोडे गुण कमी पडले. माझं नाव यादीत आलं.

आणि ऐका — आम्हा दोघींचा प्रवर्ग एकच, आणि त्यातल्या काही जागा त्या वर्षी रिकाम्याच राहिल्या. ती पास झाली असती, तर माझं काहीच जाणार नव्हतं. दोघी लागलो असतो. पुढच्या भरतीपर्यंत तिचं लग्न झालं होतं.

परवा बाजाराच्या दिवशी अहेरीत माझी ड्यूटी होती. सुमन भेटली, सोबत तिची सासू. सुमननं माझ्या वर्दीच्या बाहीवरून हात फिरवला आणि सासूला म्हणाली, "हे माही रूमवाली. लय मेहनत केली हिनं."

मी मान हलवली. मेहनत केली होती. 'नको आहे' हेही मीच म्हटलं होतं. परवा बाजारात ती माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिला ते सांगितलं नाही.