कुत्र्याच्या केसांचं सूत

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी लग्न होऊन आले, तेव्हा सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं. दारात नळ, घरात विजेचा दिवा, नवरा लोको शेडमध्ये कायम नोकरीला. मी मात्र पहिल्या महिन्यातच वैतागले. माहेरी, शिरूरला, आमच्याकडे घोंगड्या विणायचे. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत बायकांच्या हातात टकळी. बोलताना, भांडताना, वाटेनं चालतानासुद्धा लोकर कातायची. इथे दोन खोल्या झाडल्या, डबा भरून दिला, की झालं. पुढे दिवस आ वासून बसलेला. मी निवडलेली डाळ परत निवडायला घ्यायची.

टकळी मी माहेराहून आणली होती, पण सासूबाईंनी ती आल्या आल्या ट्रंकेत टाकली. त्याही घोंगडीवाल्यांच्याच घरातल्या. मी त्यांना आत्या म्हणायची. "आता आपण नोकरीवाली मानसं," त्या म्हणाल्या. "हितं लोकर कातत बसलीस तर लोक हसत्याल." विषय संपला. माझ्यापुरता तो अजिबात संपला नव्हता, पण नव्या सुनेचं कोण ऐकतंय!

मग थंडीत पलीकडच्या रांगेतल्या गार्डसाहेबांच्या मॅडमशी ओळख झाली. त्यांच्याकडे पांढरा, झुबकेदार केसांचा कुत्रा होता. एका दुपारी त्या ओट्यावर त्याला विंचरत होत्या आणि निघालेले केस उशीच्या अभ्र्यात कोंबत होत्या. कुत्र्याच्या केसांची विणलेली पट्टी बांधली की गुडघे दुखायचे थांबतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. विणायच्या सुया त्यांच्याकडे होत्या, सूत काढणारं कुणी नव्हतं. मी न विचारता अभ्र्यात हात घातला. आमची लोकर त्यापुढे नुसता काथ्या! "मी देते कातून," मी बोलून गेले, आणि मग मला आत्या आठवल्या.

घरी अपेक्षेप्रमाणे तमाशा झाला. "मेंढीचं न्हाई, थेट कुत्र्याचं केस? आन् ते देवाम्होरं?"

नवरा जेवत होता. घास न थांबवता आईला म्हणाला, "रविवारी खंडोबाचा म्हणून कुत्र्याला भाकर घालतीस की. मग केसालाच काय धाड भरली?"

आत्या उठल्या. मग ट्रंक उघडली आणि टकळी माझ्यापुढे ठेवली. "कात जा. पर माझ्या घरात न्हाई. तिकडं बाईच्या ओट्यावर बस."

मी रोज दुपारी तिकडे पळायची. आधी वरचे राठ केस वेगळे काढले, आतले मऊ केस बोटांनी पिंजले आणि त्यांचे पेळू वळले. इथवर ठीक. पण टकळी फिरवली की धागा तटकन तुटायचा. मेंढीच्या लोकरीला तिचं स्वतःचं तेल असतं. हे महाराज साबणानं आंघोळ करणारे, त्यांचे केस बोटांतून सटकत होते. मी कुत्र्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तो समोर बसून स्वतःचेच केस उडताना बघत होता. शेवटी बोटांना खोबरेल चोळलं, पीळ वाढवला, आणि धागा निघाला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

त्या आनंदात माती खाल्ली. आमच्याकडे कातलेल्या सुताला चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय ते तयार झालं असं कुणी म्हणतच नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी मी मॅडमच्या स्टोव्हवर चिंचोके शिजवले, घोटले आणि सगळी लडी त्यात बुडवून वाळत घातली. दुसऱ्या दिवशी ती तारेसारखी कडक झाली होती. मॅडमनी सुयांवर दोन टाके घालून बघितले आणि लडी परत माझ्या हातात दिली. मला रडू फुटलं. आता आत्यांना आयतंच कोलीत मिळणार आणि टकळी कायमची ट्रंकेत जाणार, या धास्तीनं जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी येऊन लडी उंबऱ्याशी आपटली. आत्यांनी ती उचलली, नखानं खरवडली. "खळ दिलीस व्हय? अगं, खळ मागावरच्या सुताला. हे सुयांवर चढायचं."

बोलणी बसतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी पाणी कोमट केलं, लडी भिजत घातली आणि पाणी बदलत बदलत, अजिबात न चोळता, सगळी खळ सोडवली. मग ओला धागा अंगठ्या-बोटात धरून सरकवत राहिल्या. लडी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी त्या सरकवतच होत्या. "पीळ झ्याक हाय," त्या म्हणाल्या.

मी लगेच वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. "मग आत्या, उद्यापासून घरातच बसू?"

"नगं. तिकडंच बस."

माझं डोकं फिरलं. "लोक हसतील म्हणून ना? एवढे दिवस ओट्यावर सगळ्यांसमोर कातते, एक माणूस हसला नाही!"

"लोकांचं काय घिऊन बसलीस." त्यांनी लडी पिळून दोरीवर टाकली आणि हात पदराला पुसत राहिल्या. "पोराला नोकरी लागली तवा माझी टकळी मीच जावंला दिऊन आले. तू म्होरं बसून कातलंस तर माझं हात शिवशिवत्याल गं. मला घरात बसवायचं न्हाई."