खंडेनवमीला रिकामी डिकी

आमचे मालक गाडीच्या डिकीत अख्खा संसार घेऊन हिंडायचे. नव्वदच्या सुरुवातीला आम्ही जुनी फियाट घेतली आणि पहिल्याच वर्षी, नरसिंहपूरहून देवदर्शन करून येताना, ती भर उन्हात माळावर बसली. तेव्हापासून त्यांनी जे डोक्यात घेतलं ते घेतलं. पत्र्याच्या पेटीत जॅक, चाकाचा पाना, पकड, जादा फॅनबेल्ट, हातातली बॅटरी, कापूस, आयोडीन. शेजारी दोरखंड, पाण्याचा कॅन, जुनी गोधडी. मी म्हणायचे, "चूल तेवढी राहिली, तीपण घाला." ते म्हणायचे, "हस, हस. अडलीस म्हंजे कळंल."

आणि अडलो कधी, तर नेमकं खंडेनवमीला!

त्या दिवशी आमच्या अंथुर्ण्यात घरातलं झाडून सगळं लोखंड देवापुढं मांडतात. विळे, खुरपी, कोयते. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय उचलायचं नाही. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, गाडीला झेंडूची माळ घातली आणि मग डिकी उघडून पेटीच रिकामी केली. जॅक राखेनं घासला, पाना तेलानं पुसला आणि कोयत्याशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. वर्षभर लेकराबाळांना राखणारं लोखंड, त्याला पूजेचा मान नको? त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं. मालक मळ्यात होते, मी कढईपुढं कडाकण्या तळत होते. कुणाचं ध्यान?

दुपारी माझी चार वर्षांची लेक गोठ्यामागं फुलं वेचायला गेली आणि किंचाळली. तांबडा विंचू. बघता बघता पोर घामानं भिजली, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गारढोण. मालक मळ्यातून धावत आले. शेजारीण म्हणाली, मंत्र टाकणाऱ्याला बोलवा. आत्याच तिच्यावर खेकसल्या, "मंतर ऱ्हाऊ दे तुझा! गाडी काढ रं, बारामतीला चल!"

लासुर्ण्याच्या पुढं मागचं चाक बसलं. मालक उडी मारून उतरले. तोंडावर काळजी नव्हती, उलट जरा रुबाबच होता. याच दिवसासाठी तर सगळा खटाटोप केला होता बिचाऱ्यांनी. डिकी उघडली. स्टेपनी होती. पेटी उघडली, तर रिकामी.

"आई, जॅक कुठं हाय?"

आत्या मागच्या सीटवर पोरीचे तळपाय चोळत होत्या.

"देवापुढं," म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "देवाला काय पंक्चर काढायचंय का?" मी ओरडले. काय काय बोलले, आता सांगवत नाही. "माझी पोर गेली तर तुमच्या त्या देवाला कॅनॉलात फेकीन," इथपर्यंत गेले. आत्या पोरीचे तळपाय नुसत्या चोळत राहिल्या.

मालक परत स्टेअरिंगवर बसले. "चाकाची माती झाली तरी चालंल," म्हणाले आणि बसक्या चाकावर गाडी हाणली. खडखड, खडखड. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती, श्वास लागला होता. मी तिला हाका मारत होते आणि ती माझ्याकडं बघतच नव्हती. पुढं टायरच्या चिंध्या झाल्या, रिम रस्त्याच्या कडेला मातीत रुतली आणि गाडी हलेना. रस्ता तर रिकामा. ज्याच्या त्याच्या दारात गाड्या हार घालून उभ्या! अख्ख्या तालुक्यात त्या घडीला कुणाच्या हाताशी पाना नसेल. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडत होते, देवाला शिव्या देत होते आणि त्यालाच हात जोडत होते.

तेवढ्यात एक मोटरसायकल आली. पांढऱ्या शर्टातले गृहस्थ, बौद्ध समाजातले. दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनाचं सामान आणायला बारामतीला निघालेले. त्यांच्यात खंडेनवमी पाळत नाहीत, म्हणून तर गाडी रस्त्यावर होती. "पाना हाय माझ्याकडं," ते म्हणाले, "पण गाडी उचलायची कशानं? बसा ताई, पोरीला घट्ट धरा." आत्यांनी लुगड्याचा पदर टराटरा फाडला आणि पोरीला माझ्या पोटाशी बांधलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. पिंपळी गेल्याचं मला कळलं नाही. पोरीचं डोकं माझ्या छातीवर लोंबत होतं आणि श्वास चालू आहे की नाही, वाऱ्यात समजत नव्हतं.

दवाखान्यात सलाइन लागलं, औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही. बसा." बसले. आणि बसल्या बसल्या मनात पक्कं केलं: पोर वाचली तर या म्हातारीच्या हाताला पुन्हा लागू द्यायची नाही. वेगळी चूल मांडीन.

दिवस मावळायला मालक आणि आत्या कुणाच्या तरी टेम्पोतून आले. मालक आत आले. आत्या दाराबाहेरच थांबल्या, फाटक्या पदरानिशी.

दिवे लागल्यावर पोरीचे हात कोमट झाले. तिनं डोळे उघडले. मी वाकले, "बाळा, आई हाय हितं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवून इकडंतिकडं शोधलं. "आज्जी कुठंय?"

क्षणभर वाटलं, सांगावं, आली नाही आज्जी. मग उठले, दाराशी गेले. "चला आत," म्हटलं, "तुम्हाला बोलावतीय."

आमच्या घरात आत्यांच्या शब्दाबाहेर कुणी पाणी पीत नव्हतं. त्यांनी फाटका पदर खांद्यावर घेतला.

"येऊ व्हय?" त्यांनी मला विचारलं.