गाडीत कोण होतं?

पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी ती घटना मनातून गेलेली नाही. खून नाही, दरोडा नाही. घरासमोर उभी असलेली एक गाडी कोणीतरी चेपून गेलं होतं, एवढंच.

माझं घराणं तंजावरचं मराठी. शेवटची नेमणूक चेन्नईत, अपघातांच्या तपासावर. एका सकाळी शहरातल्या वेस्ट मांबलम भागातून रेल्वेतले एक निवृत्त अधिकारी आपल्या सुनेला घेऊन ठाण्यात आले. मूळचे साताऱ्याचे. मी ‘बैसा’ म्हणताच सून चकित होऊन हसली. आमची जुनी मराठी तिने कधी ऐकली नसावी. सासरे मात्र हसले नाहीत.

त्यांची गाडी समोरून चेपली होती आणि मागे ढकलली जाऊन कुंपणाच्या खांबावर आदळली होती. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ‘टोटल लॉस’, म्हणजे गाडी पूर्ण निकामी, अशी नोंद केली, पण कंपनीने दावा रोखून धरला. शेजाऱ्यांनी सुनेला हातात किल्ली घेऊन गाडीपाशी उभं पाहिलं होतं. तिच्याजवळ फक्त शिकाऊ परवाना. तिनेच गाडी ठोकली आणि घरचे ‘उभी होती’ असं खोटं सांगताहेत, हा कंपनीचा संशय.

“आवाज ऐकून मी किल्ली घेऊन खाली धावले,” ती म्हणाली. “तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं. शेजारी विचारत होते, पण मला तमिळमध्ये धड सांगताच आलं नाही.”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. संशय कंपनीपुरता नव्हता, हे तेवढ्यावरून कळलं. पोलिसाने जबाब लिहून घ्यावा, पण लक्ष ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर ठेवावं.

तक्रार नोंदवून जागेचा पंचनामा केला. सिमेंटच्या रस्त्यावर टायर घासत गेल्याचे काळे पट्टे होते, खांबापर्यंत. म्हणजे चाकं फिरली नव्हती; हँडब्रेक ओढलेली गाडी कोणीतरी रेटत नेली होती. समोरचा मारही बॉनेटच्या वर, एखाद्या अवजड वाहनाच्या मागच्या बंपरच्या उंचीवर. उन्हाळ्याचे दिवस, गल्लीत पाण्याच्या टँकरची ये-जा; त्यातलाच एखादा मागे येताना धडकला असावा. पण शहरात टँकर किती! सर्व्हेअर सज्जन होता. म्हणाला, “सर, तर्क मला पटतो. वरिष्ठांना पुरावा लागेल.”

मग एका दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. “मांबलमची गाडी ज्या टँकरने मोडली, तो अंबत्तूरच्या गॅरेजमध्ये उभा आहे. आज रंग मारतील.” नाव न सांगता तिने फोन ठेवला.

आम्ही लगेच निघालो. टँकरच्या मागच्या बंपरला अजून त्या गाडीचा निळा रंग चिकटलेला होता. ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, थकलेला माणूस.

“अय्या,” तमिळ रीतीने मला ‘साहेब’ म्हणत तो बोलला, “त्या गल्लीत मी गेलोच नाही. ती गाडी मला माहीतही नाही.”

मी कॉफी मागवली. आरडाओरडा केला की माणूस घट्ट मिटतो, हा माझा अनुभव. त्याचा पेला रिकामा होऊ दिला आणि हळूच विचारलं, “त्या गाडीत कोण बसलं होतं?”

तो ताडकन उठला. “कोणीच नव्हतं, अय्या! देवाशपथ! मी उतरून काचेतून वाकून पाहिलं. कोणी असतं तर सोडून गेलो असतो का?”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाली बसला आणि रडू लागला. “बायको रोज म्हणत होती, पोलिसांकडे जा. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.”

फोन कोणाचा, ते मला उमगलं. मी त्याला सांगितलं नाही. त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला.

सासरे आणि सून पुन्हा आले तेव्हा सर्व्हेअरही होता. सर्व्हेअरला ड्रायव्हरच्या जबाबाची प्रत दिली आणि त्या दोघांना तो मी मराठीत सांगितला. गाडी रिकामी होती, हे ज्याने ती मोडली त्याच्याच तोंडून आलं होतं. सर्व्हेअर म्हणाला, “आता दावा अडणार नाही,” आणि आपण होऊन सुनेची माफी मागितली.

सासरे सुनेकडे वळले. मग म्हणाले, “सूनबाई, मलाही वाटलं होतं की तूच...”

“ठाऊक होतं, बाबा,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणून तर मी तुम्हाला पोलिसांत यायला लावलं. विम्याचं काहीही झालं असतं, पण मला तुमच्याशेजारी बसून जेवायचं होतं.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाच फायली चाळत बसलो.

काही महिन्यांनी ठाण्यासमोर एक नवी छोटी गाडी थांबली. चालवत होती सून, पक्का परवाना मिळालेली. शेजारी सासरे, वरची कडी घट्ट धरून. पेढे द्यायला आले होते.

नोकरीत मी बरेच गुन्हेगार पकडले आणि त्याचा अभिमानही आहे. पण निरपराध माणसावरचा संशय पुसणं हेही पोलिसाचंच काम, हे मला या प्रकरणाने शिकवलं. गुन्हेगाराला शिक्षा झाली की फाईल बंद होते. इथे एका घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, आणि त्याचं समाधान मला कुठल्याही पदकाहून जास्त वाटतं.