साहेबांनी अडवलेली हवा

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याची फारशी दखल घेत नाही. पण भाचीच्या लग्नाच्या दिवशी मी इतक्या जणांवर इतक्या वेळा खेकसलो, की संध्याकाळी घसा बसला आणि लोकांना वाटलं, मामाला रडू आवरत नाही. तेही अगदीच खोटं नव्हतं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. लग्न नेकनूरला, मुलीच्या दारात, आणि मुहूर्त मे महिन्यातला दुपारी साडेबाराचा. असा मुहूर्त काढतं कोण, असं मी भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मामांनी मामाचं काम बघावं." मामाचं काम म्हणजे नवरीला मांडवात आणायचं आणि अंतरपाट धरल्यावर तिच्या मागे उभं राहायचं. माझ्याकडे आणखी एक काम होतं. तिला सकाळी बीडला पार्लरमध्ये न्यायचं आणि सजवून परत आणायचं.

आता यात अवघड काही नाही, असं वाटेल. पण आमच्याकडे एका चुलत बहिणीच्या लग्नात तिचा मेकअप मांडवात पोहोचण्याआधीच गळ्यापर्यंत उतरला होता. ते फोटो नातेवाईक अजून फोनवर फिरवतात आणि पोट धरून हसतात. भाचीही हसली होती, पण तेव्हाच तिने धसका घेतला होता. लग्न ठरलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "मामा, मला तुमच्याकडून साडी नको, भांडं नको. फकस्त थंड गाडीतून मांडवात न्या. माझं तोंड नीट राहिलं पायजे."

मी शब्द दिला. माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, पण एसी एकदम कडक. आठवडाभर आधी धर्मापुरीला जाऊन आलो तेव्हा भर दुपारी बायकोने पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर दाजी, म्हणजे नवरीचे वडील, माझ्या गाडीच्या तोंडाशी वाकलेले. त्यांनी पुढून भलामोठा फ्लेक्स बांधला होता. बॉनेटच्या कडेपासून थेट नंबरप्लेटपर्यंत. कोपऱ्यात अंगठ्याएवढे नवरा-नवरी आणि बाकी सगळ्या जागेत आमच्या भागातले पुढारी, म्हणजे साहेब, हात जोडून हसताना. साहेब आशीर्वाद द्यायला स्वतः येणार होते.

"सायेब गाडी बघूनच खूश व्हतील," दाजी म्हणाले. "वाटंत फ्लेक्सला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

सकाळची थंड वेळ होती, त्यामुळे बीडला जाताना आम्ही काचा उघड्या टाकूनच गेलो. बरोबर माझी आत्या होती. हळद लागलेल्या नवरीला वेशीबाहेर एकटं सोडत नाहीत, म्हणून ती हातात लिंबू आणि कनवटीला अडकित्ता घेऊन मागच्या सीटवर बसली होती.

अकरा वाजता पार्लरमधून भाची बाहेर आली आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. फार सुंदर दिसत होती. मी ऐटीत दार उघडलं, तिला पुढे बसवलं, एसी लावला आणि म्हणालो, "आता बघ."

जाळीतून गरम हवा आली. साधी गरम नाही, भाकरी भाजताना चुलीपुढे बसल्यावर लागते तशी.

मी बटण निळ्याकडे फिरवलं. ते निळ्याकडेच होतं. मग लाल, परत निळं. बंद करून चालू केलं. आत्याने मागची काच खाली केली.

"आत्या, एसी चालू असताना काच उघडायची नाही!"

"खिडकी उघडी नसल्यावर कुलर कसा गार वारा देईन बे? येवढं तर ल्हान लेकराला कळतंय."

"हा कुलर नाही."

"मग पाणी कुठं टाकायलास?"

मी खाली उतरलो. फोनवर व्हिडिओ बघून मी गाडीविषयी बरंच शिकलो आहे आणि ते दाखवायची संधी सहसा मिळत नाही. बॉनेट उघडलं. पट्टा जागेवर. फ्यूज काढून दुसरा लावला. कॉम्प्रेसर टक् करून सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडायचा. हे सगळं मी साहेबांच्या फोटोवर पोट टेकवून बघत होतो, हे इथे मुद्दाम नोंदवतो. फ्लेक्स चुरगळू नये म्हणून मी मध्ये रुमालही घातला होता.

"गॅस संपला," मी जाहीर केलं.

"सिलेंडर तर परवाच आलाय," आत्या म्हणाली.

बायपासला एसीचं काम करणारा एक मिस्त्री आहे. त्याच्याकडे गाडी घातली. त्याने नळ्यांना प्रेशर मोजायची घड्याळं जोडली, काट्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"गॅस भरपूर हाय. उलट प्रेशर लई चढलंय." मग तो चालत गाडीच्या पुढे गेला आणि साहेबांपुढे उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, सायबांनी हवा अडवलीया."

आता आमच्या जिल्ह्यात हवा म्हटलं की एकच हवा. चहाच्या टपरीवर कोणी "यंदा हवा कुणाची?" असं विचारलं, तर पंख्याबद्दल बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भर रस्त्यात, साहेबांच्या फोटोसमोर, ओळख ना पाळख, आणि हा माणूस मला राजकारणात ओढतो!

"हे बघा, मला त्यात पडायचं नाही," मी म्हणालो. "तुम्ही एसीचं बोला."

"म्या एसीचंच बोलायलोय. सायबांमुळं हवाच न्हाई."

"अहो, हळू बोला!"

"सायेब बाजूला झाल्याबिगर काई खरं न्हाई, दादा."

तेवढ्यात शेजारच्या टपरीवरचे दोघेतिघे मान वळवून बघायला लागले. मिस्त्रीने ते पाहिलं, पटापट नळ्या काढल्या आणि मोठ्याने म्हणाला, "म्या काई बोललो न्हाई!" मीही तितक्याच मोठ्याने "मी काही ऐकलं नाही!" म्हणालो आणि गाडी तिथून काढली. आपण फार शहाणपणाने वागलो, असं मला वाटेतल्या मांजरसुंब्यापर्यंत वाटत होतं.

पण गाडीत भट्टी पेटली होती. काचा उघडाव्यात तर गरम वारा आणि धूळ, लावाव्यात तर आम्ही शिजत होतो. आत्या काच खाली करायची, मी माझ्याकडच्या बटणाने वर घ्यायचो, असं आमचं युद्ध चाललं होतं. भाची दोन्ही हातांनी कागदी रुमाल कपाळाला धरून ताठ बसली होती. हलली तर आणखी घाम येईल म्हणून बोलतसुद्धा नव्हती. मग तिच्या कानशिलावरून एक थेंब निघाला आणि गालावरून हळूहळू खाली आला. मागे पांढरट रेघ राहिली. तिने आरशात बघितलं, आणि तिचा खालचा ओठ तिसरीत असताना थरथरायचा तसा थरथरला.

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की सांगता येत नाही. या पोरीने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मी गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली.

"मामा," ती ओठ न हलवता म्हणाली, "तो मिस्त्री राजकारण नव्हता बोलत."

"मग?"

"गाडीला फुडून हवा लागती ना? फुडं सायेब हायत."

मी खाली उतरलो आणि पुढे जाऊन उभा राहिलो. साहेब हात जोडून हसत होते. त्यांच्या मागची, इंजिनाकडे हवा जाणारी जाळी पूर्ण झाकलेली. धर्मापुरीला गेलो तेव्हा एसी चालत होता आणि त्यानंतर गाडीला नवीन काय लागलं, तर हे. व्हिडिओ बघून शिकलेला मी, रुमाल घालून त्यांच्यावर ओणवा झालो होतो.

तरी हात लगेच उठला नाही, हे कबूल करतो. दाजींचा स्वभाव मला ठाऊक होता आणि साहेबांच्या माणसांचाही. आत काचेपलीकडे भाची कपाळाला रुमाल लावून बसली होती. दोन चेहऱ्यांपैकी एकच आज नीट मांडवात जाणार होता.

दाजींनी सुतळीच्या गाठी अशा मारल्या होत्या, जणू उसाची मोळी सोलापूरपर्यंत न्यायची आहे. नखं तुटली, गाठ सुटली नाही. मी हात पुढे केला. "आत्या, अडकित्ता दे." तिने तो कनवटीतून काढून दिला आणि वर म्हणाली, "सुपारीसारखं धर."

सुतळी कापली, साहेबांची गुंडाळी केली आणि डिक्कीत ठेवली. गाडी सुरू केली, एसी लावला आणि मैलभर गेलो. मग जाळीतून गार वाऱ्याची एक झुळूक आली. मग दुसरी. भाचीने रुमाल खाली ठेवला, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. पार्लरवालीने दिलेल्या डबीतून तिने गालावरची रेघ बुजवली. आत्याने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "आता कसा वारा येतोय! म्या खिडकी उघडी ठेवल्यामुळंच."

मांडवाच्या दारात दाजी धावत आले. मुलीकडे बघण्याआधी त्यांनी गाडीकडे बघितलं.

"सायेब कुठायत?"

"डिक्कीत."

पुढे ते काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण मग त्यांची नजर लेकीवर गेली आणि ते बोलायचे थांबले. तिचं तोंड जसं पार्लरमधून निघालं तसंच होतं.

साहेब अक्षता पडल्यानंतर आले. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. स्टेजवर मोठ्या कुलरपुढे उभे राहून ते बराच वेळ आशीर्वाद देत राहिले आणि मागच्या आम्हा सगळ्यांचा वारा बंद झाला. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी आणि ती, दोघांनी ओठ दाबून हसू आवरलं.

चार वाजता पाठवणी झाली. जो मेकअप मी जिवापाड जपून आणला, तो तिने गळ्यात पडून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पुसला. काजळ, पावडर, सगळं. मी तिला नवरदेवाच्या गाडीत बसवलं आणि दार लावलं. तिने काच खाली केली आणि माझी बोटं धरली.

"ताई, काच वर घ्या," पुढून ड्रायव्हर म्हणाला. "एसी चालू हाय."

"राहू दे बे," मी ओरडलो. "जरा हवा येऊ दे तिला."

गाडी वळेपर्यंत ती काच खालीच होती.