हमीदामावशींचं जपानी आजारपण

दोन हजार सहा साली मी माझ्या मित्राच्या आईला ई-मेलने आजारी पाडलं. गुडघे सोडले तर त्या ठणठणीत होत्या. कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, आमच्या खालच्या मजल्यावर लेकाच्या अपार्टमेंटमध्ये बसून त्या मासे साफ करत होत्या, आणि तिकडे जपानच्या डोंगरात एक बाई त्यांच्या काळजीने हवालदिल झाली होती.

मित्र म्हणजे अशफाक. गाव दापोली. आम्ही एकाच कंपनीत, एकाच पार्टिशनच्या दोन बाजूंना बसून कोड लिहायचो. त्याची आई, हमीदामावशी, सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या आणि डिसेंबरात परत जाणार होत्या. पुन्हा येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. कारण अमेरिका नव्हे, बाथटब. त्याच्या काठावरून पाय उचलून आत टाकणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना, आणि एकदा आत बसल्या की बाहेर काढायला सूनबाई आणि शेजारीण (म्हणजे माझी बायको मेधा) अशा दोघी लागायच्या. "ह्यांना रॉकेट करता येतं, मोरी करता येत नाही," असं त्यांचं या देशाबद्दलचं मत होतं.

त्यांना आठवायचं ते दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या झऱ्याचं गरम पाणी. लग्नानंतर सासूबरोबर दरवर्षी जायच्या. बायकांचं कुंड वेगळं, पाण्याला गंधकाचा वास, आणि बाहेर आल्यावर पाय कसे कुणा दुसऱ्याचेच वाटतात, हे त्या इतकं रंगवून सांगायच्या की ऐकताना माझेही गुडघे हलके व्हायचे.

त्या डिसेंबरात आम्ही दोन्ही घरं एकाच विमानाने भारतात निघालो होतो, टोकियोमार्गे. मीच म्हणालो, वाटेत दोन दिवस जपानात उतरू, तिथे डोंगरात गरम पाण्याचे झरे असतात, मावशींना मनसोक्त डुंबू दे. मावशींनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "खरंच?" एवढंच म्हणाल्या. पण त्या 'खरंच'नंतर माघार घेणं शक्य नव्हतं.

"मी सगळं बघतो," मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटनांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.) ऑफिसच्या कामासाठी मी एकदा चार दिवस जपानात राहून आलो होतो. त्यातले तीन दिवस तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये गेले होते. तरी आमच्या अपार्टमेंटपुरता मी जपानचा जाणकार होतो.

झऱ्याकाठचं एक जुन्या पद्धतीचं घर मी इंटरनेटवर शोधून काढलं. चटईवर झोपायचं, दोन्ही वेळचं जेवण तिथेच, चालवणारी एक मालकीणबाई. प्रश्न होता तो जेवणाचा. अशफाकला विचारलं तर तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "डुक्कर नको, दारू नको. हलाल मटण-चिकन तिथे कुठून मिळणार, तर मासे दे म्हणावं. लिही सरळ."

सरळ! तेवढं एक सोडून मी बाकी सगळ्या पद्धतीने लिहिलं.

त्याला कारण होतं. गेली पाच वर्षं अशफाकबरोबर विमानतळावर गेलो की काय होतं ते मी पाहत होतो. आम्ही दोघं एका रांगेत, एकाच कंपनीची बॅग खांद्याला; मला पुढे सोडायचे आणि त्याला बाजूला घ्यायचे. मी पलीकडे दोन कॉफ्या घेऊन उभा. त्याची कॉफी निवायची, तो यायचा, निवलेली कॉफी प्यायचा आणि मॅचबद्दल बोलायला लागायचा. मीही मॅचबद्दलच बोलायचो. तर मी ठरवलं की आपल्या हातून तो शब्द नको जायला. उगाच कुणी नको म्हटलं तर? मावशींचं पाणी हुकायचं. हे मी कुणालाही न विचारता ठरवलं, आणि वर स्वतःला फार समजूतदार समजलो.

मग माझ्या मदतीला आली अ‍ॅलर्जी. आमच्यासारख्या शाकाहारी माणसांना अमेरिकेने शिकवलेला हा एक मंत्र आहे. हॉटेलात "आम्ही मांस खात नाही" म्हटलं की वेटर हसून वरचे तुकडे तेवढे वेचून काढतो. पण "अ‍ॅलर्जी आहे" म्हटलं की मॅनेजर स्वतः धावत येतो आणि तवा बदलला जातो. मेधाने या मंत्रावर आठ वर्षं काढली होती. तेव्हा मीही लिहिलं: सोबतच्या वृद्ध बाईंना डुकराच्या मांसाची आणि मद्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. 'तीव्र' माझ्या पदरचं.

शेजारी गृहपाठ करत असलेल्या सईने, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, स्क्रीनवर वाचून म्हटलं, "बाबा, दॅट्स नॉट अ‍ॅन अ‍ॅलर्जी." मी तिला गणितं सोडवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मालकीणबाईंनी अतिशय नम्रपणे कळवलं होतं की सोया सॉसमध्ये थोडं मद्य असतं, भाजी शिजवताना गोडसर दारू घालतात, बाईंना ते किती प्रमाणात बाधतं? वासानेही त्रास होतो का? शेजारच्या दालनातले पाहुणे जेवताना पितात, त्यांना लांब बसवू का? मी लिहिलं, वास चालेल, पण पोटात थेंबही जाता कामा नये. (खरंच होतं की हे!)

मग दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी लांबलचक पत्र. स्वयंपाकघरात सगळ्यांनी बसून विचार केला होता. बाईंसाठी नवीन भांडी काढू, पाण्यात उकडलेल्या भाज्या, भात आणि मीठ देऊ. फक्त एक अडचण होती. एवढी गंभीर प्रकृती असलेल्या पाहुण्यांना गरम पाण्यात उतरू देण्याची जबाबदारी त्यांना घेता येत नव्हती. डॉक्टरांचं पत्र आणलंत तर बघू. नाहीतर बाईंना अशी खोली देऊ, जिच्या खिडकीतून झऱ्याची वाफ दिसते.

ती वाफ मला सांता क्लारात जाणवली.

त्याच संध्याकाळी मी खाली गेलो तर मावशी शिवणयंत्रावर. पाण्यात उतरायला जाड सुताचा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा झगा शिवत होत्या. बाह्यांना बारीक पायपीनसुद्धा. "बायकांचं वेगळं असतं ना रे तिथे?" त्यांनी विचारलं. मला काही माहीत नव्हतं. मी "हो हो" म्हणालो आणि चहा न घेता वर पळालो.

शहाण्या माणसाने इथे खरं सांगितलं असतं. मी मावशींना बरं केलं. लिहिलं, आनंदाची बातमी, बाईंनी नवीन उपचार घेतले, अ‍ॅलर्जी समूळ गेली, डॉक्टरही थक्क आहेत. आता पाण्याची अडचण नसावी.

उत्तर तासाभरात आलं. मालकीणबाईंना अपार आनंद झाला होता. सगळ्या नोकरमंडळींनाही. इतकी वर्षं बिचाऱ्या बाईंना जे चाखता आलं नाही, ते त्यांना आमच्याच घरी प्रथम चाखायला मिळावं हे आमचं भाग्य, असं म्हणून कळवलं होतं की आचारी त्या भागातलं नावाजलेलं डुकराचं मांस तांदळाच्या दारूत मुरवून करणार आहे, आणि मावशींच्या प्रकृतीसाठी सगळे मिळून पेला उंचावणार आहेत.

ही सगळी पत्रं मी प्रिंट काढून एका फाइलीत नीट तारखेवार लावली होती. फाइल नीट ठेवणं हा माझा एकमेव सद्गुण, आणि त्यानेच घात केला. मावशींच्या जपानी व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा हवा म्हणून रविवारी अशफाकने फाइल मागितली. मी "बुकिंग तेवढं काढून देतो" म्हणेपर्यंत त्याने ती उघडली होती.

तो पहिल्या पानापासून वाचत गेला. मध्ये एकदा हसला. शेवटच्या पानाला हसला नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने ती पत्रं आईला मराठीत वाचून दाखवली, अक्षर न गाळता. मी दारात उभा. मावशी मासे साफ करत होत्या. ऐकताना त्यांचा हात चालूच होता. संपल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला आजारी पाडलंस," त्या म्हणाल्या. "मग बरी केलीस. पण मुसलमान आहे एवढं लिहवलं नाही तुला?"

मी म्हणालो, तुम्हाला त्रास नको म्हणून. कुणी नाही म्हटलं असतं तर.

"नाही म्हटलं असतं तर दुसरं घर बघितलं असतं. ती बाई नाही म्हणाली का?"

"नाही."

"मग तूच म्हटलंस ना तिच्या आधी."

अशफाक खिडकीबाहेर बघत होता. "विन्या, मला बाजूला घेतात ना, तिथे मी नाव खरं सांगतो," तो म्हणाला. "नाव लपवावं असं मला कधी वाटलं नाही यार. तुला वाटलं."

त्याच्याइतक्या हळू आवाजात मला कुणी कधी रागावलेलं नाही. पाच वर्षं मी ज्याला समजूतदारपणा म्हणत होतो, ती निवलेल्या कॉफीशेजारी उभी असलेली माझी भीती होती. आणि ती मी मावशींच्या नावावर खपवली होती. हे मला त्या स्वयंपाकघरात, माशाच्या वासात, उभ्या उभ्या कळलं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशींनी अशफाकला लॅपटॉप आणायला लावला आणि पत्र सांगितलं. "लिही. मी हमीदा. मी मुसलमान आहे. आजारी नाही, कधी नव्हते. डुक्कर खात नाही, दारू पीत नाही, मटण-कोंबडी नको. मासे आवडतात, काटे काढायची गरज नाही. गुडघे दुखतात म्हणून पाण्यासाठी येते. अंगावर कपडा ठेवून उतरेन. चालत असेल तर सांगा, नसेल तरी सांगा." मी मध्ये म्हणालो, जरा नम्रपणे लिहू या का. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि यावेळी मलाही वाचायला बोलावलं. मालकीणबाईंनी लिहिलं होतं, आधी कळलं असतं तर किती सोपं होतं. मलेशियाचं एक कुटुंब त्यांच्याकडे येऊन गेलं होतं. मासे फक्त मीठ लावून कोळशावर भाजू, वेगळ्या जाळीवर. मोठ्या कुंडात बायकांचं वेगळं असतं, पण कपडे घालून उतरायची रीत नाही. मात्र घरच्यांसाठी एक लहान कुंड आहे, आतून कडी लागते, तिथे हमीदाबाईंनी त्यांना हवं तसं, हवा तितका वेळ बसावं. आत उतरायला लाकडी पायऱ्या आणि धरायला कठडा आहे.

अशफाकने पायऱ्या आणि कठडा हे दोन शब्द दोनदा वाचले. मावशी झग्याची उरलेली बाही घेऊन खिडकीशी बसल्या आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या.

"शेवटी एक ओळ आहे," अशफाक म्हणाला. "बाई विचारतायत, आधीची पत्रं लिहिणारे जे गृहस्थ, त्यांची तब्येत आता कशी आहे?"

मावशींनी दोरा दाताने तोडला.

"लिही," त्या म्हणाल्या, "त्याला काही इलाज नाही. पण सोबत आणतोय."