पाय आधी, बटण नंतर

टेलरभाऊंचा उजवा पाय कामातून गेला, ही बातमी आमच्या जिन्यात महिनाभर चढ-उतार करत होती. जेवतानासुद्धा तो पाय टेबलाखाली आपला आपण वर-खाली होतो, हे तळमजल्यावरच्या मावशींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मावशींचे डोळे म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या ताटापर्यंत पोचणारी दुर्बीण. त्यांनी लगेच मालिशच्या तेलाची बाटली नेऊन दिली. भाऊंच्या बायकोने बाटली ठेवून घेतली आणि म्हणाली, "पाय धडधाकट आहे हो मावशी. फक्त हल्ली तो आमचं ऐकत नाही, कीबोर्डचं ऐकतो."

खरी गोष्ट तीच होती. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवल्यावर भाऊंनी दुकान लेकीच्या हाती दिलं, एक कीबोर्ड घेतला आणि त्यातल्या ऑर्गनच्या आवाजावर भाळले. जुन्या ऑर्गनच्या पेटीत म्हणे स्पीकर गरगर फिरायचा आणि सूर हेलकावे खायचा. कीबोर्ड त्याची नक्कल करतो. पायाशी एक पेडल असतं. मोकळं सोडलं की फिरणं संथ, दाबलं की जोरात. पण वेग एकदम येत नाही, पंख्यासारखा हळूहळू चढतो. म्हणून ओळ संपायच्या जरा आधीच पाय द्यावा लागतो. हे 'जरा आधी' साधायला भाऊ जेवताना, दाढी करताना, बायकोचं बोलणं ऐकताना पायाने सराव करत. बायको बोलायला लागली की सरावाला भरपूर वेळ मिळे.

घरी सगळं झकास जमायचं. गाण्याच्या मंडळाच्या तालमीत मात्र फजिती. गाणं संथ, आणि ऑर्गनला हुडहुडी भरलेली! शेवटी जोर यावा म्हणून भाऊंनी पेडल दाबावं, तर सूर गरीब गाईसारखा मवाळ. लागोपाठ तीन तालमी असंच झालं.

मंडळाच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्या म्हणाल्या, "भाऊ, कार्यक्रमाला पुन्हा असं झालं तर मी रेकॉर्ड केलेलं संगीत लावीन. तुम्ही खुशाल समोर बसून ऐका."

भाऊंनी घरचा सराव दुप्पट केला. दुकान सुटल्यापासून त्यांच्यावाचून अडतं अशी ही एकच खुर्ची उरली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरायच्या आधी भाऊ येऊन बसले आणि त्यांनी कीबोर्डचं बटण दाबलं. पाय उचलून पहिला सूर काढला, तर हुडहुडी! बायको गाणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. ती तरातरा पुढे आली.

"अहो, घरी तुम्ही बटण कसं दाबता?"

"बोटाने."

"आणखी कशाने दाबणार! उभ्याने दाबता. आपलं भिंतीवरचं बटण कपाटामागे आहे ना? ते दाबून मग बसता. इथे आधी बसता, आणि बसलात की तुमचा पाय शिवायला लागल्यासारखा खाली जातोच. बघा, आत्ताही परत तिथेच गेलाय!"

भाऊंनी खाली पाहिलं. उचललेला पाय पुन्हा पेडलवर ऐटीत बसला होता. सुरू होताना पेडल जसं असेल, तेच मोकळं असं कीबोर्ड धरून चालत होता. पुढचा सगळा कारभार मग उलटा. भाऊंनी बटण बंद केलं, दोन्ही पाय उचलून खुर्चीतच मांडी ठोकली आणि बटण पुन्हा दाबलं. सूर डुलत डुलत, अगदी संथ निघाला.

संध्याकाळी गाणं असं रंगलं की शेवटच्या ओळीवर ऑर्गनने वेग धरला तेव्हा मावशींनीही टाळ्या पिटल्या. बाई हसत पुढे आल्या, पण गुण कापल्याशिवाय त्यांना चैन कुठलं? "म्हणजे इतके दिवस चूक तुमच्या पायाचीच होती तर!"

भाऊ म्हणाले, "चूक कसली, बाई? पाय वेळेआधी कामावर हजर व्हायचा, एवढंच. तुमच्या मंडळात तशी पद्धत नाही, हे त्याला कुठून ठाऊक?"