पँट धुवायची नाही

ती घटना माझ्या मनातून जात नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत, पण ही साधी दुखापतीची केस तशीच आहे, कारण तिच्यातली एक गोष्ट मी कागदावर येऊ दिली नाही.

वैनगंगेकडच्या धानपट्ट्यात मी ठाणेदार होतो. संध्याकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून आत आली. तलावात मासोळी मारणारं कुटुंब. मासोळी कमी असली की नवरा मजुरीला जायचा. त्याची पँट गुडघ्यापासून खाली ओली आणि करडी झाली होती. त्याला बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

"साहेब, बॅटरीवाल्यानं याच्या पायावर ॲसिड फेकलं," बाई म्हणाली. "आग आग करून राह्यला."

"तुम्ही पाहिलं का?"

नवरा म्हणाला, "कामावरून येत होतो जी. त्याच्या दुकानासमोर बादलीतलं पाणी भस्सकन अंगावर आलं. घरी पोचलो अन् पाय पेटले."

आदल्याच दिवशी चौकातल्या पानठेलेवाल्यानं आमच्या हवालदाराला खबर दिली होती. बॅटरीचं पाणी नालीतून तलावात जातं म्हणून या बाईच्या नवऱ्याचं त्याच्याशी भांडण झालं होतं आणि बॅटरीवाला भर चौकात ओरडला होता, "पुन्हा आला तर तुझ्या पायावरच ओतीन!" खबर आणि तक्रार अशी जुळली की पोलिसाला बरं वाटतं. मलाही वाटलं.

बाईनं विचारलं, "साहेब, बाहेरच्या नळाखाली याचे पाय धुवून घेऊ का?"

मी म्हणालो, "नाही. पँट काढायची नाही, धुवायची नाही. पुरावा आहे तो. प्रयोगशाळेत जाईल."

बाईनं नवऱ्याला भिंतीला टेकवलं. ठाणेदाराचा शब्द होता. लेखनिक बंदोबस्तावर गेला होता, म्हणून जबाब मीच लिहायला घेतला. नाव, वय, धंदा, घटनास्थळाच्या चतुःसीमा. माझं अक्षर सावकाश असतं. नवरा भिंतीला टेकून दोनदा म्हणाला, "लवकर करा जी." दीड तासानं जबाबावर अंगठा घेतला, वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे रुग्णालयाच्या नावाचं पत्र, दिलं आणि शिपायासोबत त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

मग बॅटरीवाल्याला आणलं. पन्नाशीचा मुसलमान कारागीर, गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, वडिलांपासून हेच काम.

"काल काय बोललास?"

"बोललो साहेब. गुस्सा आला होता. पण बोलणं अन् करणं एकच हाये का?"

"आज पाणी फेकलं?"

"फेकलं. दुकान धुतलं अन् बाहेर लोटलं. साधं पाणी होतं."

मी त्याला एक थापड मारली. तीही कुठं नोंदलेली नाही.

तेवढ्यात शिपाई रुग्णालयातून ती पँट कागदात गुंडाळून घेऊन आला. पंचनाम्यासाठी टेबलावर उघडली. बॅटरीवाला गाल चोळत बघत होता.

"साहेब, पँट सुती हाये. ॲसिड पडलं असतं तर अशी साबूत राहिली असती का? ही माझी पाहा, चाळणी झाली. वीस वर्षांत एक पँट दिवाळीपर्यंत टिकली नाई, बायको रोज बोलते." तो वाकला. "अन् हे आतून काय चिकटलं? हे तर सिमेंट हाये."

पँटच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांपाशी, करडा थर वाळून कडक झाला होता. कापडाला एकही भोक नव्हतं.

लगेच रुग्णालयातून डॉक्टरबाईंचा फोन आला. "ओल्या काँक्रीटनं भाजलंय. चुन्यासारखंच असतं ते, कातडीत उतरत जातं. सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी आग होते. पँट ताबडतोब काढून भरपूर पाण्यानं धुवायला हवं होतं. धुवायला कोणी मनाई केली का?"

मी म्हणालो, "नाही. आले तसे लगेच पाठवले."

स्टेशन डायरीतही तसंच लिहिलं. त्यांच्या येण्याची वेळ दीड तास पुढची टाकली.

बॅटरीवाल्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात सिमेंट रस्त्याचं काम चालू होतं तिथं गेलो. मिस्त्री म्हणाला, "हा तर दिवसभर गुडघ्यावर बसूनच काँक्रीट घोटत होता जी. म्हटलं, खाली फळी घे, लंबे गमबूट घाल. तर म्हणे, आम्ही तलावातले लोक, आम्हाले ओल्याचं काय भ्याव? सारे हसले. मीपण हसलो."

तलावाच्या पाण्यात आणि धानाच्या चिखलात आयुष्य गेलेला माणूस. ओलं कापड अंगावर वाळवायची त्याला सवय होती. त्याच सवयीनं तो काँक्रीटमध्ये बसला.

नंतर डॉक्टरबाईंना भेटून मी सगळं विचारून घेतलं. काँक्रीटमध्ये गुडघे टेकायचे नाहीत, टेकावेच लागले तर खाली फळी घ्यायची. गमबूट उंच हवेत आणि पँट बुटांच्या बाहेर सोडायची, नाहीतर काँक्रीट आत जाऊन तिथंच बसतं. हातात रबरी मोजे. जवळ स्वच्छ पाणी. कपड्याला लागलं तर कपडा तेव्हाच काढायचा आणि अंग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं, जमेल तर आणखी जास्त वेळ धुवायचं. लिंबू, हळद, मलम काही लावायचं नाही. दुखत नसलं तरी दवाखाना गाठायचा.

त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर चंद्रपूरला मांडीची कातडी लावली. डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. डोंग्यात, त्या लहानशा होडीत, बसून जाळं टाकणं सुटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तो दीड तास नसता गेला तर जखम एवढी खोल गेली नसती. त्यांना वाटत होतं, तो वेळ घरीच वाया गेला.

निवृत्त झाल्यावर आधी बॅटरीवाल्याकडं गेलो. त्यानं चहा मागवला, पण माझ्याकडं बघितलं नाही. मग तलावाकाठी त्या मासोळी मारणाऱ्याच्या घरी गेलो. पाय लांब करून तो जाळं विणत होता. वेळ खोटी लिहिली, डॉक्टरबाईंशी खोटं बोललो, सगळं सांगितलं.

बाई म्हणाली, "मी त्याच दिवशी विचारलं होतं तुमाले."

"हो बाई."

त्यानं सुईत सूत भरून घेतलं. मग म्हणाला, "मले सांगून आता काय होते साहेब? माझा पाय तर गेला. ज्यांचे हायेत त्यायले सांगा."

तपासात पुरावा जपावा हे मला शिकवलं होतं. पुरावा माणसाच्या अंगावर असेल तर आधी माणूस, हे मला त्याच्या पायांवरून शिकावं लागलं. त्यानं सांगितलं म्हणून हे लिहिलं. ओलं काँक्रीट लागलं तर आधी पाणी. तक्रार, जबाब, पंचनामा, सगळं नंतर. आणि ठाण्यात बसलेला कोणी साहेब 'धुवू नका' म्हणाला, तर त्याचं ऐकू नका.